आपलं बोलणं आपण दुसऱ्याच्या दप्तरात का शोधावं?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली

विषय: रशियन सैन्यात फसवून भरती केलेली भारतीय मुलं, आणि त्यांच्यासाठी झालेल्या बोलण्यांचा हिशेब.

सादर नमस्कार.

७ मार्च २०२२ हा दिवस आमच्या घरात कुणीच विसरलेलं नाही. माझी भाची तेव्हा युक्रेनच्या सुमी शहरात मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होती. युद्धाचा तो बारावा दिवस. वसतिगृहाचे नळ कोरडे पडले होते आणि पोरं अंगणातला बर्फ बादल्यांत भरून, वितळवून पीत होती. त्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला, ‘बस आल्या, आम्ही बसलोय.’ माझ्या बहिणीने लगेच देवापुढे साखर ठेवली. थोड्याच वेळात दुसरा निरोप आला, ‘उतरायला सांगितलंय.’ युद्धविराम ठरला तसा टिकला नव्हता. साखरेची वाटी रात्रभर देव्हाऱ्यात तशीच राहिली, उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

त्याच दिवशी आपले पंतप्रधान पुतिन यांच्याशीही बोलले आणि झेलेन्स्की यांच्याशीही. दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, सुमीतले ६९४ भारतीय विद्यार्थी बसने पोल्टाव्हाला पोचले. तिथून रेल्वेने लव्हीव, मग पोलंड, आणि ११ मार्चला दिल्ली. भाची घरी आली तेव्हा तिच्या पायात आठवडाभर न काढलेले बूट होते.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून ‘ही बाई मॉस्कोशी बोलूच नका म्हणते’ असा कुणाचा समज होऊ नये. बोलायलाच हवं. युद्धात सर्वांत आधी फोन बंद होतात आणि मग माणसं मरतात, हे मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवताना मुलांना सांगत आले. संयुक्त राष्ट्रांत २ मार्च २०२२ला १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं आणि मतदान टाळणाऱ्या ३५ देशांत आपणही होतो, तेव्हा माझ्या ओळखीत बरेच वाद झाले. त्या वादात मी इथं पडत नाही. दोन्ही राजधान्यांत आपला फोन उचलला जात होता म्हणून माझी भाची आज माझ्यासमोर बसून चहा पिते, एवढं मला पुरेसं आहे.

तरीही आज तुम्हाला लिहावंसं वाटलं ते एका फोटोमुळे.

२०२४च्या पावसाळ्यात एका अनोळखी गृहस्थांचा मला फोन आला. माझी भाची रशियन वाचते हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांचा मुलगा ‘रशियात सिक्युरिटी हेल्परचं काम आहे’ असं एजंटने सांगितल्यावर गेला होता. व्हिसा पर्यटकाचा. पोचल्यावर त्याच्यापुढे काही कागद ठेवले, त्याने सही केली आणि घरी कळवायचं म्हणून त्या कागदाचा फोटो काढून वडिलांना पाठवला. वडिलांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि मुलालाही कळलं नव्हतं. तो फोटो त्यांनी मला पाठवला. नावगाव मी इथं लिहीत नाही, त्यांची तशी इच्छा आहे.

भाचीने मोबाइलवर फोटो मोठा केला. कागद कुठल्याशा टेबलावर होता, कडेला चहाच्या पेल्याचा गोल डाग आणि खाली मुलाची इंग्रजी सही, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी, पूर्ण नाव सुटंसुटं लिहिलेली. तिने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि फोन खाली ठेवला. ‘मावशी, वर संरक्षण मंत्रालय लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘हे नोकरीचं कंत्राट नाही. हा सैन्यात भरती झालाय.’ आता हे त्याच्या वडिलांना सांगायचं कुणी, यावर आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. शेवटी मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘बाई, कंत्राट किती दिवसांचं आहे?’ भाचीने पाहिलं. एक वर्षाचं होतं. त्यांना तेवढ्यानेही धीर आला.

तो धीर खोटा होता, आणि ते मला नंतर समजलं. पुतिन यांनी २१ सप्टेंबर २०२२ला आंशिक लामबंदीचा, म्हणजे राखीव माणसांना सक्तीने सैन्यात बोलावण्याचा, हुकूम काढला. त्या हुकुमाने सैन्यातली सगळी कंत्राटं लामबंदी संपेपर्यंत आपोआप चालू राहतात. म्हणजे कागदावर वर्ष लिहिलेलं असलं तरी वर्ष सरल्यावर माणूस सुटत नाही. तो सुटतो तो मारला गेल्यावर, जबर जखमी झाल्यावर, किंवा त्याच्या देशाने मागितला आणि रशियाने सोडला तर. यातला तिसरा मार्ग म्हणजे तुमचं क्षेत्र. तो वकील लावून उघडत नाही आणि एजंटला पोलिसांत देऊनही उघडत नाही. तो फक्त दोन सरकारांच्या बोलण्यातून उघडतो.

सरकार बोललं नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने एजंटांच्या टोळ्यांवर गुन्हा नोंदवून धाडी घातल्या. ८ आणि ९ जुलै २०२४ला पंतप्रधान मॉस्कोत होते, तेव्हा त्यांनी हा विषय स्वतः काढला आणि आपल्या माणसांना लवकर सोडण्याचं आश्वासन रशियाने दिलं, असं परराष्ट्र सचिवांनी पत्रकारांना सांगितलं. त्यानंतर माणसं परत आलीही. १७ जानेवारी २०२५ला परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी आकडे दिले: एकूण १२६ जण, त्यांतले ९६ परतले, १२ मरण पावले, १८ अजून तिथं, आणि त्या १८ पैकी १६ जणांचा ठावठिकाणा रशियालाही माहीत नाही. शहाण्णव घरांत कुणीतरी दार उघडलं आणि समोर मुलगा उभा होता. हे लहान काम नाही, आणि ज्या अधिकाऱ्यांनी ते केलं त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

मग पुढे काय झालं? सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रालयाला पुन्हा जाहीर इशारा द्यावा लागला की रशियन सैन्यात भरतीच्या कुठल्याही आमिषाला बळी पडू नका. नवी भरती झाल्याच्या बातम्या येत होत्या. जानेवारीत जो आकडा १८ होता तो नोव्हेंबर २०२५ मध्ये ४४ झाला. आश्वासन सर्वोच्च पातळीवर मिळालेलं होतं, तरी घागर एका बाजूने रिकामी करावी आणि दुसऱ्या बाजूने ती भरत राहावी असं झालं.

आता माझा प्रश्न ऐका. भारतीयांची भरती रशियाने एप्रिल २०२४ पासून थांबवली आहे, हे आपल्याला सांगितलं कुणी? १० ऑगस्ट २०२४ला दिल्लीतल्या रशियन दूतावासाने निवेदन काढलं, त्यातून कळलं. ज्या मुलांच्या जिवाचा सौदा झाला ती मुलं आपली, बोलायला गेलेलं सरकार आपलं, आणि काय ठरलं ते आपल्याला समोरच्याच्या पत्रकातून वाचायला मिळालं. जे ठरलं ते कागदावर होतं की तोंडी? त्यात ‘यापुढे एकही नाही’ असं होतं, की फक्त ‘आहेत त्यांना सोडू’ असं? मोडलं तर काय, याबद्दल एखादी ओळ होती का? त्या गृहस्थांना मी यातलं काहीच सांगू शकले नाही. त्यांनी ज्या सरकारी कार्यालयात अर्ज केला तिथून उत्तर आलं ते असं, की प्रकरण संबंधितांपुढे मांडण्यात आले आहे. त्या एका ओळीचं पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय.

दुसऱ्याच्या दप्तरातून आपलं बोलणं वाचायची ही वेळ आपल्यावर पहिल्यांदा आलेली नाही.

पानिपतचं उदाहरण प्रत्येक मराठी माणसाला समजेल. १७६०च्या त्या शेवटच्या महिन्यांत दोन्ही फौजा समोरासमोर असताना तहाची बोलणी चालूच होती. भाऊसाहेबांचे निरोप अब्दालीच्या बाजूला असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौलाकडे जायचे ते काशीराजमार्फत. काशीराज मराठी, पण चाकरी शुजाची. अब्दालीचा साथी रोहिला सरदार नजीब, त्याने तह होऊ दिला नाही. १४ जानेवारी १७६१ला लढाई झाली. त्याआधीचा भाऊंचा शेवटचा निरोप, की प्याला काठोकाठ भरला आहे, आता एक थेंबही मावणार नाही, आपल्याला पाठ आहे. पण तो आपल्याला मिळाला कुठून? शत्रूच्या गोटात बसलेल्या काशीराजने पुढे फारसीत हकीकत लिहून ठेवली म्हणून. वर्गात हा धडा शिकवताना दरवेळी माझ्या मनात यायचं, काशीराजने लिहिलं नसतं तर भाऊंनी तहासाठी किती धडपड केली हे कुणाला कळलं असतं? आपण त्यांना नुसता हट्टी सेनापती म्हणून मोकळे झालो असतो.

दोनशे वर्षांनी पुन्हा तेच घडलं. १९६२ साली चीनने हल्ला केल्यावर ८ नोव्हेंबरला, युद्ध चालू असताना, लोकसभा बसली. तरुण वाजपेयींसह विरोधकांनी अधिवेशन मागितलं आणि नेहरूंनी ते बोलावलं. खुली चर्चा झाली, १४ नोव्हेंबरला ठराव झाला. संसदेच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट आहे, मी ती मुलांना अभिमानाने सांगितली आहे. पण त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रं लिहिली. त्यांत अमेरिकेची बारा लढाऊ स्क्वॉड्रन मागितली होती, आणि आपले लोक तयार होईपर्यंत ती विमानं अमेरिकेच्याच वैमानिकांनी चालवावीत असंही होतं. अलिप्ततेचा जन्मदाता त्या रात्री कुठवर आला होता ते त्या पत्रांत आहे. एवढी मोठी गोष्ट, आणि ती संसदेला माहीत नव्हती. ती पत्रं पूर्ण वाचायला मिळाली २०१० मध्ये, बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयाने खुली केली तेव्हा. आपल्या पंतप्रधानांचं पत्र, आपल्या देशाच्या सर्वांत कठीण रात्री लिहिलेलं, आणि ते वाचायला अठ्ठेचाळीस वर्षांनी दुसऱ्या देशाच्या कपाटापाशी जावं लागलं.

त्या रात्रीच नेहरूंनी ते पत्र संसदेत वाचून दाखवायला हवं होतं असं माझं म्हणणं मुळीच नाही. आसामात लोक घरं सोडून निघाले होते; तेव्हा असं पत्र फुटलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. बोलणी चालू असताना ती झाकूनच ठेवावी लागतात. सोयरीक जुळवणारा माणूससुद्धा दोन्ही घरचं सगळं सगळ्यांना सांगत नाही. माझा प्रश्न नंतरचा आहे. बोलणी संपली, माणसं आली किंवा नाही आली, त्यानंतर हिशेब कुणाला आणि कधी?

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. ७ सप्टेंबर १९५९ला नेहरूंच्याच सरकारने भारत आणि चीन यांच्यातल्या खलित्यांची पहिली श्वेतपत्रिका संसदेपुढे ठेवली. त्यानंतर एकापाठोपाठ एक आल्या. दोन सरकारं एकमेकांना काय लिहितायत ते खासदाराच्या बाकावर छापील मिळत होतं, तेही भांडण पेटलेलं असताना. जगात फार कमी सरकारांनी असं केलं असेल.

इथं मला प्रामाणिकपणे थांबायला हवं, कारण या श्वेतपत्रिकांची दुसरी बाजूही मी वाचली आहे. अक्साई चीनमध्ये चीनने बांधलेल्या रस्त्याबद्दल सरकारने ऑक्टोबर १९५८ मध्येच चीनला खलिता पाठवला होता, आणि देशाला ते कळलं जवळपास वर्षभराने. लपवलेलं एकदम बाहेर आल्यावर जो भडका उडायचा तो उडाला. मग सगळेच खलिते उघडे करावे लागले, आणि एकदा ते उघडे झाल्यावर नेहरूंना मागेपुढे व्हायला जागाच उरली नाही. एप्रिल १९६०मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय दिल्लीत आले तेव्हा तडजोडीचा एक शब्द उच्चारणंही राजकारणात अशक्य झालं होतं, असं म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही. मी या प्रश्नावर बराच विचार केला. मला वाटतं तिथं घात केला तो उशिराने. पहिल्या वर्षी चार जबाबदार खासदारांना बंद खोलीत विश्वासात घेतलं असतं, तर पुढच्या वर्षी सगळ्या देशासमोर कपाट रिकामं करायची पाळी आली नसती.

म्हणून हे पत्र मी मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. ती बंद खोली तुमच्याकडे आहे.

तुमची समिती ३१ जणांची, दोन्ही सभागृहांतली, सर्व पक्षांची. तुमच्या बैठका बंद दाराआड होतात. तुमच्यासमोर परराष्ट्र सचिवांना यावं लागतं. एखादा कागद दिला तर देशाच्या सुरक्षेला धोका आहे असं सरकारला वाटलं तर तो नाकारायची सोय नियमांतच आहे, त्यामुळे ‘गुपितं फुटतील’ ही भीती कुणी दाखवू शकत नाही. आणि तुमच्या शिफारशींवर काय केलं ते सरकारला तीन महिन्यांत सांगावं लागतं. सामान्य माणसाकडे यातलं काहीच नाही. माझ्याकडे माहितीचा अधिकार आहे, पण त्या कायद्याचं कलम ८ (१) (अ) परदेशांशी असलेल्या संबंधांची माहिती रोखतं. वीस वर्षांनंतर बाकीच्या बऱ्याच गोष्टी खुल्या होतात, पण ही होत नाही. त्या गृहस्थांच्या वतीने मी अर्ज लिहायला बसले होते. कायदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

तुमचे दैनंदिन कारभारात लक्ष घालायचे अधिकार नाहीत, हे मला माहीत आहे. कुठल्या तुकडीतला कुठला मुलगा कधी सुटेल हे तुम्ही ठरवावं असं मी मागत नाही. पण डोकलामचं उदाहरण तुमच्याच समितीचं आहे. जून ते ऑगस्ट २०१७ या काळात भारत आणि चीनचे सैनिक भिडून उभे होते. त्यानंतर याच समितीने तो विषय घेतला, सचिवांना बोलावलं, ऐकलं, आणि २०१८ मध्ये भारत-चीन संबंधांवर अहवाल दिला. त्याने कुठली वाटाघाट मोडली नाही. उलट आम्हाला, म्हणजे बाहेर बसलेल्यांना, पहिल्यांदाच घडलेल्या गोष्टींचा सलग धागा हाती लागला.

तसाच अहवाल मला या युद्धाबद्दल हवा आहे. फेब्रुवारी २०२२ पासून आपल्या सरकारने मॉस्को आणि कीव्ह यांच्याशी आपल्या नागरिकांसाठी काय काय बोलणं केलं, त्यातून काय मिळालं आणि काय निसटलं, याचा. ऑपरेशन गंगावर, म्हणजे युक्रेनमधून आपली माणसं परत आणण्याच्या मोहिमेवर, परराष्ट्रमंत्र्यांनी १५ मार्च २०२२ला दोन्ही सभागृहांत निवेदन केलं होतं. बावीस हजार पाचशे माणसं, नव्वद विमानं, सगळं त्यात होतं. एप्रिलमध्ये लोकसभेत चर्चाही झाली. पण ७ मार्चला सुमीच्या बस का थांबल्या आणि ८ मार्चला का निघाल्या, कुणी कुणाला काय शब्द दिला होता, हे पुढच्या वेळच्या अधिकाऱ्याला कुठं वाचायला मिळणार? पुढची वेळ येणारच आहे. आपली मुलं जगभर शिकतात, राबतात.

आणि जिथं अधिकृत हकीकत नसते तिथं काय उगवतं तेही बघा. ‘भारतीय मुलांसाठी रशियाने सहा तास युद्ध थांबवलं’ हा मेसेज मला आजही महिन्यातून एकदा तरी येतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी ३ मार्च २०२२लाच सांगितलं होतं की असं म्हणणं बरोबर नाही. तरी तो फिरतोय. मला तो वाचून त्रास होतो, कारण त्यात सुमीच्या त्या बस नाहीत, उतरायला लावलेली मुलं नाहीत, दोन्ही बाजूंची मनधरणी करणारे वकिलातीतले झोप न मिळालेले लोक नाहीत. खरं काम चमत्काराच्या गोष्टीखाली गाडलं जातं. खरी हकीकत यापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि ती सरकारच्याच भल्याची आहे.

दुसरी मागणी छोटी आहे. परदेशी सैन्यात अडकलेल्या भारतीयांचा आकडा दर सहा महिन्यांनी, कुणी प्रश्न विचारण्याची वाट न बघता, सभागृहाच्या पटलावर यावा. गेले किती, आले किती, मेले किती, बेपत्ता किती. रशियाकडून आपण किती तेल घेतो याचे आकडे महिन्याच्या महिन्याला वर्तमानपत्रात येतात. युद्धाआधी दोन टक्क्यांहून कमी होतं, पुढे एक तृतीयांशाच्या वर गेलं, हे मला घरबसल्या कळतं. ते घ्यावं की नाही यावर माझं काही म्हणणं नाही. देशाला तेल लागतं. पण पिंपांची मोजदाद इतकी चोख असेल तर पोरांचीही असावी.

तिसरी गोष्ट कीव्हची. २३ ऑगस्ट २०२४ला पंतप्रधान तिथं गेले. युक्रेन स्वतंत्र झाल्यापासून आपला कुणी पंतप्रधान तिथं गेला नव्हता. मॉस्कोनंतर दीड महिन्यात कीव्ह, हे मला मनापासून आवडलं होतं. या मुलांच्या बाबतीत तर त्या भेटीचं मोल आणखीच आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये युक्रेनच्या लष्कराने सांगितलं की रशियाकडून लढणारा एक भारतीय आमच्या हाती लागला आहे. बघा, एका बाजूने फसवून उभा केलेला आपला मुलगा दुसऱ्या बाजूचा युद्धकैदी होतो. मॉस्कोने ज्यांचा ठावठिकाणा नाही म्हणून सांगितलं त्यांच्यातलं कुणी कीव्हच्या यादीत असेल का, हे आपण विचारलं आहे का? विचारलं असेल तर उत्तर काय आलं? कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे ‘कॉन्सुलर अॅक्सेस’, म्हणजे परदेशात अटकेत असलेल्या आपल्या माणसाला आपल्या वकिलातीने भेटायचा हक्क, हा शब्द मराठी घराघरात पोचला. जुलै २०१९मध्ये हेगच्या न्यायालयात आपण तो हक्क मिळवला, वर्षानुवर्षं चिकाटीने भांडून. तीच चिकाटी या मुलांच्या वाट्याला यावी. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, ते कुणी अधिकारी नव्हते, एजंटला पैसे द्यायला त्यांच्या घरच्यांनी दागिने मोडले होते, एवढाच फरक.

या घरच्यांना समितीने बोलवावं. तुम्ही एरवी तज्ज्ञांची, संस्थांची मतं मागवता, तशीच यांची मागवा. त्यांच्याकडे भाषणं नाहीत, पण कागद आहेत: एजंटच्या खात्यावर पैसे भरल्याच्या पावत्या, मुलांनी पाठवलेले आवाज, तिकिटं, कंत्राटांचे फोटो. सरकारने जे आश्वासन मिळवलं ते जमिनीवर कुठं फाटलं, हे या कागदांवरून तुम्हाला कुठल्याही सादरीकरणापेक्षा लवकर कळेल. एप्रिल २०२४नंतरच्या तारखेची एकही सही त्यांत सापडली तर ती घेऊन परराष्ट्र सचिवांना विचारा, आणि त्यांना मॉस्कोला विचारू द्या. हातात कागद असला की बोलणाऱ्याचं बळ वाढतं. आपल्या मुत्सद्द्यांच्या हातात हा कागद तुम्ही द्यायचा आहे.

ते गृहस्थ मला अजून फोन करतात. मुलाचा शेवटचा आवाज २०२४च्या श्रावणात आला होता. त्यात तो आईला विचारतो की पुरणपोळ्या केल्यात का. मागे रणगाड्याचा की जनरेटरचा, कसला तरी घरघराट आहे. भाचीने तो आवाज किती वेळा ऐकला, की पार्श्वभूमीला कुणी रशियनमध्ये गावाचं नाव घेतंय का. एका ठिकाणी कुणीतरी काहीतरी ओरडतं, पण नाव नाही.

त्या कंत्राटाच्या दोन्ही पानांचं भाचीने शब्दाशब्दाने मराठीत आणि इंग्रजीत भाषांतर केलं आहे. वडिलांची लेखी संमती माझ्याकडे आहे. समितीने कळवलं की सगळे कागद मी रजिस्टर पोस्टाने पाठवते, आणि बोलावलंत तर त्यांना घेऊन स्वतः दिल्लीला येते. त्यांनी अजून कधी रेल्वेने एवढा लांबचा प्रवास केलेला नाही, पण ते म्हणाले, तारीख तेवढी सांगा.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका